अर्थ फळ्यावर लिहिला की कविता संपते. माध्यमिकला इंग्रजी साहित्य कसं शिकवता?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माध्यमिकच्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवायला लागून मला हे तिसरं वर्ष. त्याआधी इंग्रजी भाषाच शिकवत होते. व्याकरण, पत्रलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न, यात कधी अडलं नाही. कविता किंवा नाटक आलं की गाडी रुतते.

परवाचा तास सांगते. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’. आधी कवीची माहिती, मग अवघड शब्द फळ्यावर, मग एकेक ओळ वाचून मराठीत अर्थ. पंचवीस मिनिटांत कविता ‘झाली’. काही शंका? शांतता. मग मागून आवाज आला, "मॅडम, थीम लिहून देता का?" दिली. ‘वेगळी वाट निवडणाऱ्यालाच यश मिळतं.’ बत्तीस वह्यांत तेच इंग्रजी वाक्य, स्पेलिंगच्या एकाच चुकीसकट. चूक माझी होती, फळ्यावरची.

घरी येऊन कविता पुन्हा वाचली आणि चपापले. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी कवितेतला माणूस स्वतःच सांगतोय की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजलेल्या होत्या. म्हणजे मी लिहून दिलेली थीम कवितेत नाहीच! बत्तिसांपैकी एकानेही हटकलं नाही, कारण त्यांनी कविता वाचलीच नव्हती. वाचला होता तो माझा अर्थ.

तर प्रश्न असा. अर्थ सांगायचाच नाही, तर ज्यांना निम्मे शब्द कळत नाहीत त्यांनी काय करायचं? आणि सांगायचा, तर कधी? जाणकारांनी कृपया लिहा. गाईडमधले उपाय नकोत, तेवढे माझ्याकडे आहेत.

जुना खडू

ताई, पहिल्यांदा दिलासा. ही कविता मीही वीस वर्षं अशीच शिकवली. तुम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं, म्हणजे सतरा वर्षं वाचली.

आता तुमच्याच हत्यारानं बघा. शेवटच्या कडव्यात क्रियापद काय आहे? ‘आय शॅल बी टेलिंग’. भविष्यकाळ! वाट निवडून फरक पडला असं तो आज म्हणतच नाही. पुढे कधीतरी, म्हातारपणी, उसासा टाकून मी हे असं सांगत असेन, असं म्हणतोय. व्याकरण शिकवणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. वर्गाला फक्त क्रियापदं अधोरेखित करायला सांगा. भूतकाळ कुठे संपतो, भविष्यकाळ कुठे सुरू होतो, ते पोरं बरोबर दाखवतात. ‘मग हा आत्ताच पुढची थाप रचतोय का?’ हा प्रश्न त्यांच्यातूनच येतो. माझ्या वर्गात आला होता, आणि शब्दही ‘थाप’ हाच होता.

फ्रॉस्टचा मित्र एडवर्ड थॉमस फिरून आला की हळहळायचा, दुसऱ्या वाटेनं जायला हवं होतं म्हणून. त्याची गंमत करायला ही कविता लिहिली गेली. १९१६च्या संग्रहात ती पहिलीच आहे. पण हे तासाच्या शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर पुन्हा तुमचाच अर्थ वह्यांत जाईल.

वाचनमात्र२

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुढचे प्रतिसाद वाचायला बसलेय.

गणितवाली

मी शिक्षिका आहे, पण नावाप्रमाणे गणिताची. इथे आई म्हणून लिहितेय. तुमचं सगळं पटतं, पण पेपरात ‘कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहा’ असा प्रश्न येतो आणि त्याला मार्क असतात. माझी मुलगी ‘कवी थाप मारतोय’ असं लिहून आली तर मार्क कोण देणार? तुम्ही की जुना खडू?

जुना खडू

गणितात नुसतं उत्तर लिहिलं आणि पायऱ्या दाखवल्या नाहीत तर तुम्ही पूर्ण मार्क देता का? इथेही तसंच. ‘थाप मारतोय’ हे उत्तर झालं. पायऱ्या म्हणजे ‘दोन्ही वाटा सारख्याच झिजल्या होत्या’ ही ओळ आणि ते भविष्यकाळी क्रियापद. पायऱ्यांसकट लिहिलेलं उत्तर कापताना परीक्षकालाही दोनदा विचार करावा लागतो.

गणितवाली

उदाहरण माझ्याच विषयाचं दिलंत, त्यामुळे बोलती बंद. तात्पुरती.

बाकडं_नंबर_चार

मी तो मागच्या बाकावरचा. म्हणजे तुमच्या वर्गातला नव्हे, पण तसाच. शाळा सोडून सहा वर्षं झाली. आम्ही थीम का मागायचो सांगतो. आळस होताच. पण चार वेळा हात वर करून ‘नाही, असं नाही’ ऐकलं की पाचव्यांदा कोणी हात वर करत नाही. सरांच्या मनात एक उत्तर असायचं आणि आम्ही ते ओळखायचं. मग ते लिहूनच द्या ना, सगळ्यांचा वेळ वाचेल.

अर्धविराम

बाकडं, हे लागलं. ‘नाही, असं नाही’ मी दिवसातून किती वेळा म्हणते, ते उद्या मोजणार आहे.

पेन्सिलीचं टोक

माझ्याकडे पद्धत वगैरे नाही. एक तास झाला तसा सांगते.

विल्फ्रेड ओवेनचं ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’. पहिल्या महायुद्धावरचं चौदा ओळींचं सुनीत. वर्गात गेले आणि काही न सांगता पहिली ओळ फळ्यावर लिहिली, एक जागा मोकळी सोडून. व्हॉट पासिंग-बेल्स फॉर दीज हू डाय ॲज... आणि पुढे रेघ. पासिंग-बेल म्हणजे माणूस गेला की चर्चमध्ये वाजवतात ती घंटा, आणि दीज म्हणजे रणांगणावरचे सैनिक, एवढं सांगितलं. बाकी शब्द त्यांना येत होते. रेघेवर एक शब्द लिहा म्हटलं, शेजाऱ्याला न दाखवता.

काय काय आलं? हीरोज सर्वांत जास्त. मग ब्रदर्स, मार्टर्स, किंग्ज. एकाने ‘फ्लाइज’ लिहिलं होतं. ते वाचून दाखवल्यावर सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले आणि बिचारा वही मिटून बसला. मग मी ओवेनचा शब्द लिहिला. कॅटल. गुरं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी चिडलीच. "चूक आहे हे. सैनिकाला असं म्हणत नाहीत." मी विचारलं, कोण म्हणत नाही? ती म्हणाली, कोणीच नाही, भाषणात तर नाहीच. मागून एक जण म्हणाला, हे भाषण कुठाय? मग जी जुंपली, त्यात मला पंधरा मिनिटं तोंड उघडावं लागलं नाही. ‘गुरांनाही नावं असतात, कळपाला नसतात’ असं एक जण बोलून गेला. माशीवाला आता वही उघडून ताठ बसला होता.

मग खर्डा काढला. ओवेनने हे १९१७ साली एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात लिहिलं. सीगफ्रिड ससून हा दुसरा कवी तेव्हा तिथेच उपचार घेत होता आणि खर्ड्यावर त्याच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. सुरुवातीच्या खर्ड्यात ‘कॅटल’ नाही, ‘डाय सो फास्ट’ असं आहे. शीर्षकात ‘डूम्ड’ नाही, ‘डेड’ आहे. मी दोन्ही शीर्षकं एकाखाली एक लिहिली आणि विचारलं, का बदललं?

अर्थाचा फरक पटकन निघाला. डेड म्हणजे संपलेला. डूम्ड अजून उभा आहे, श्वास घेतोय, पण त्याचं ठरून गेलंय. एकीने ‘मरण लिहिलेला’ असा मराठी शब्द काढला. पुढचं मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. उच्चारासाठी मी ते देवनागरीतही लिहिलं होतं, तिकडे बघत एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन्ही दीर्घ ऊ आहेत. डूम्ड, यूथ. घंटा घुमल्यासारखं येतं." मी ही कविता किती वेळा वाचली असेल, पण मला ते ऐकू आलं नव्हतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे ‘डबल ओ’ आणि दुसरीकडे ‘ओ यू’. डोळ्यांना फसवणारी गोष्ट आपल्या लिपीने उघडी पाडली.

ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ला मारला गेला, युद्धबंदीच्या एक आठवडा आधी. हे शेवटच्या दोन मिनिटांत सांगितलं. सुरुवातीला सांगितलं असतं तर मुलांनी कविता बाजूला ठेवून कवीची कीव केली असती.

अर्धविराम, तुमच्या ‘कधी’ला माझं उत्तर: शब्दार्थ लगेच, मागतील तितका, हात आखडता न घेता. भावार्थ त्यांनी काहीतरी पणाला लावल्यावर. स्वतः ‘हीरोज’ लिहिलेल्या मुलालाच ‘कॅटल’ टोचतो. फळ्यावर आयता वाचणाऱ्याला तो नुसता एक शब्द असतो.

नाटक्या

टोकताई, दंडवत.

मी_मात्र

वाहवा थांबवून जरा कटू बोलू का?

असा तास वर्षातून दोनदा होतो आणि आपण तोच सांगत बसतो. उरलेल्या तासांचं काय? चौदा ओळींना एक तास, तर दीडशे पानांच्या कादंबरीला किती? ज्या वर्गात निम्मी मुलं ओळ अडखळत वाचतात, तिथे ‘दीर्घ ऊ’ ऐकणारा मुलगा सापडायला नशीब लागतं. माझ्याकडे तो नाहीये. तेव्हा मी सारांश देतो, आणि देताना मला लाज वाटत नाही. सारांश कळलेला मुलगा निदान गोष्ट घेऊन घरी जातो. चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी १८०७ साली शेक्सपिअरची वीस नाटकं गद्य गोष्टी करून मुलांपुढे ठेवलीच की. तेव्हा कोणी त्यांना गाईडवाले म्हटलं नाही.

पेन्सिलीचं टोक

तासांचा हिशोब मान्य. दोनदा नाही, चारदा होत असेल, पण रोज नाही हे खरंच. सारांशाला माझा विरोध नाही. नाटकाची गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. रोमिओ-ज्युलिएट मरणार हे शेक्सपिअर स्वतःच पहिल्या चौदा ओळींत सांगून मोकळा होतो. तिथे मी गुपित राखून काय करू? माझा विरोध सारांश देऊन थांबण्याला. आणि लॅम भावंडांचा हेतू मूळ नाटकांची वाट सोपी करण्याचा होता, त्यांची जागा घेण्याचा नव्हता.

वाचन अडखळतं त्यांच्यासाठी तर एक शब्द, एक ओळ हेच बरं पडतं. पान त्यांना झेपत नाही. ओळ झेपते.

जुना खडू

कादंबरीचं मी सांगतो. ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’, १९४५चं. प्राणी मालकाला हाकलतात आणि भिंतीवर सात आज्ञा लिहितात. पुढे डुकरं त्यात गुपचूप शब्द घुसडत जातात. कोणी बिछान्यात झोपू नये, याला शेपूट लागतं ‘चादरी घालून’. कोणी कोणाला मारू नये, त्यापुढे ‘कारणाशिवाय’.

सातही आज्ञा आम्ही मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावल्या. पोरांच्याच अक्षरात. ज्या प्रकरणात बिछान्याची आज्ञा बदलते, त्याच्या दोन दिवस आधी शाळा सुटल्यावर मी त्याच रंगाच्या पेनाने आणि शक्य तितक्या त्याच वळणात ‘विथ शीट्स’ लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोणाचं लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगी तास चालू असताना भिंतीकडेच बघत होती. हळूच म्हणाली, "सर, हे आधी नव्हतं ना?" मी काही बोलायच्या आत तीन-चार जण म्हणाले, होतं होतं, आधीपासूनच होतं. ती बसली. ‘मलाच नीट आठवत नसेल’ असं पुटपुटत बसली.

मग पुस्तक उघडायला सांगितलं. क्लोव्हर घोडीला नेमकं हेच होतं, तिलाही आज्ञेत चादरींचा उल्लेख आठवत नाही, पण भिंतीवर आहे म्हणजे असेल. ते पान वाचताना ती मुलगी आणि ते ‘होतं होतं’वाले, दोघांचे चेहरे मला अजून आठवतात. ही गोष्ट ज्यावर बेतलीय तो रशियाचा इतिहास, क्रांती, स्टालिन सगळं नंतर सांगितलं आणि ते तेवढ्याच तासात आटोपलं.

मी_मात्र, यासाठी हुशार वर्ग लागत नाही. एक कागद आणि थोडा लबाडपणा लागतो.

मी_मात्र

हे चोरतोय. लबाडपणा पुरेसा आहे.

नाटक्या

आता माझी भर. नाटक बसून वाचायची गोष्टच नव्हे, बाकं मागे सरकवा. ‘ज्युलिअस सीझर’मधली खुनानंतरची दोन भाषणं घ्या. दोन मुलांना उभं करा, बाकीचे रोमचे नागरिक. ब्रूटसची सुरुवात: रोमन्स, कंट्रीमेन, अँड लव्हर्स. अँटनीची: फ्रेंड्स, रोमन्स, कंट्रीमेन. नुसतं विचारा, कोणी कोणाला आधी हाक मारली? एक देशाला हाक मारतो, दुसरा मित्राला. आणि फ्रेंड्स, रोमन्स, कंट्रीमेन म्हणताना तोंडात काय होतं बघा. एक, दोन, तीन अवयव (सिलॅबल). पायऱ्या चढल्यासारखं.

पुढची गंमत, ब्रूटस गद्यात बोलतो आणि अँटनी पद्यात. छापील पानावर ओळींची लांबी बघून कोणताही मुलगा हे सांगू शकतो, इंग्रजी येवो न येवो. मग अँटनीच्या भाषणात ब्रूटससाठी ‘ऑनरेबल’ (सन्माननीय) कितव्यांदा आला ते नागरिकांनी बोटांवर मोजायचं आणि कोणत्या खेपेला तो शब्द शिवीसारखा लागला, तिथे हात वर करायचा. सगळ्यांचे हात एकाच ठिकाणी वर जात नाहीत. वाद तिथूनच सुरू होतो.

अवांतर: लहानपणी आमच्या शाळेच्या गॅदरिंगला ज्युलिएटने ‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ म्हणताना कपाळावर हात धरून अख्खं सभागृह न्याहाळलं होतं, रोमिओ कुठे दिसतोय का म्हणून. व्हेअरफोर म्हणजे ‘का’. तू रोमिओच का आहेस, हेच नाव, हेच घराणं का? बसवणाऱ्या बाईंनाच माहीत नव्हतं. रोमिओ मी होतो, खाली पुठ्ठ्याच्या झुडपामागे. मलाही माहीत नव्हतं.

बाकडं_नंबर_चार

पुठ्ठ्याचं झुडूप

लगागा

वृत्ताबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. शेक्सपिअरची ओळ मुलांना आपल्या गणांनी समजावायचा मोह होतो. लगा लगा लगा लगा लगा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू), झाली ओळ. सुरुवातीला चालतं, पण लवकर सोडा. आपल्याकडे लघु-गुरू हा उच्चाराच्या लांबीचा हिशोब आहे, इंग्रजीत तो आघाताचा, म्हणजे उच्चारात जोर कुठे पडतो त्याचा. ‘बट सॉफ्ट, व्हॉट लाइट थ्रू यॉन्डर विंडो ब्रेक्स’ घ्या. ‘विंडो’मधला ‘डो’ आपल्या हिशोबाने पक्का गुरू, पण तिथे आघात नाही, तो ‘विं’वर आहे. मुलं मात्रा मोजायला बसली की हमखास इथे अडतात आणि इंग्रजी कवितेलाच नावं ठेवतात.

त्यापेक्षा बाकावर थाप मारा. ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींचं ‘डबल, डबल’ म्हणताना थाप पहिल्याच अवयवावर पडते, राजेरजवाड्यांच्या ओळीत दुसऱ्यावर. चेटकिणी उलट्या का बोलतात, हे मग शिकवावं लागत नाही.

वाचनमात्र२

न राहवून लिहितेय. वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता आम्हाला होती. ढगासारखा मी एकटा भटकत होतो, अशी सुरुवात. पुढे केव्हातरी कळलं की त्या दिवशी, १५ एप्रिल १८०२ला, त्याची बहीण डोरोथी सोबत होती आणि तिने रोजनिशीत त्या फुलांचं फार देखणं वर्णन करून ठेवलंय. कविता त्यानंतरची, छापली १८०७ साली. माझा इतका संताप झाला होता! बहिणीला चक्क खोडून टाकलं! मुलांना दोन्ही शेजारी शेजारी दिलं तर?

पेन्सिलीचं टोक

द्याच. ‘खोटारडा’ हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत येतो. मग विचारायचं, कवितेतला ‘मी’ आणि वर्डस्वर्थ एकच का? रसग्रहणाच्या धड्यात हे चार परिच्छेदांत सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही, संतापात शिरतं.

गणितवाली

तात्पुरती बंद झालेली बोलती सुरू करतेय. हल्ली मुलगी रसग्रहण मोबाईलवरच्या एआयकडून लिहून घेते. गुळगुळीत इंग्रजी, एक चूक नाही. तुमच्या या युक्त्यांवर तो पाणी फिरवेल.

मी_मात्र

इथे मात्र मी युक्तीवाल्यांच्या बाजूने. घरी निबंध देणंच बंद केलंय मी. वर्गात, हाताने, सहा ओळी: ‘आज कोणता शब्द खटकला आणि का’. त्याचं गुळगुळीत उत्तर आणलं तर लगेच ओळखू येतं, कारण खटकणं गुळगुळीत नसतं. आणि सहा ओळी तपासायला मला मिनिटही लागत नाही, हा स्वार्थ आहेच.

अर्धविराम

सर्वांना मनापासून धन्यवाद. दोन आठवड्यांनी आलेय, हिशोब देते.

‘नाही, असं नाही’ मी एका तासात अकरा वेळा म्हणाले. बाकडं, तुला नमस्कार.

ओवेनचा तास जसाच्या तसा उचलला आणि सपशेल आपटला. रेघेवर काय लिहायचं तेच मुलांना कळेना. दहा जणांनी ‘सोल्जर्स’ लिहिलं, कारण तो शब्द मी नुकताच उच्चारला होता. ‘कॅटल’ लिहिल्यावर एकाने विचारलं, "परीक्षेला हे विचारतात का?" टोकताई, तुमची मुलगी माझ्या वर्गात नव्हती, त्यामुळे चिडायला कोणी नव्हतं.

मग फ्रॉस्टकडे परत गेले. वर्गाला स्वच्छ सांगितलं की मागच्या वेळी मी लिहून दिलेली थीम चुकीची होती आणि ती चूक आहे हे सिद्ध करणारी ओळ कवितेतच आहे, शोधा. बाईंची चूक शोधायची म्हटल्यावर असा काही हुरूप आला की एरवी पुस्तक न आणणारेसुद्धा शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावायला लागले. सात मिनिटांत सापडली. त्यातल्या दोघांनी तिसऱ्या कडव्यातली पाचोळ्याची ओळही आणली, ती माझ्याही यादीत नव्हती. स्पेलिंगची चूकही सापडली, तो बोनस.

सध्या ‘मॅकबेथ’ चालू आहे. काल एक अडचण झाली. पहिल्या प्रवेशात चेटकिणी ‘फेअर इज फाउल’ म्हणतात. मॅकबेथ तिसऱ्या प्रवेशात येतो आणि त्याचं पहिलंच वाक्य ‘सो फाउल अँड फेअर अ डे’. थीम मागणारा तोच मुलगा म्हणाला, "तो त्यांना अजून भेटलेलाच नाही. मग त्यांचे शब्द याच्या तोंडात आले कुठून?" मी म्हटलं, मला सांगता येणार नाही, तुला काय वाटतं ते लिहून आण. आज त्याने दीड पान आणलंय. इंग्रजी भयंकर आहे. लाल पेन घेऊन बसलेय आणि हात चालत नाहीये. स्पेलिंगं सुधारू की नको?

जुना खडू

आज नको.

गणितवाली

पेन्सिलीने, समासात. पण सुधारा.

नाटक्या

ते दीड पान वर्गात त्यालाच वाचायला लावा, स्पेलिंग ऐकू येत नाही. बरं, सीझरची दोन भाषणं कापून, भूमिका वाटून तयार केलेली पानं माझ्याकडे आहेत. कोणाला हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. झुडूप मिळणार नाही.